शिष्यवृत्तीचा अर्ज फेटाळला गेल्यावर पुन्हा अर्ज कसा करावा?

पैलतीर
नमस्कार. माझी धाकटी बहीण मराठवाड्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅप फेरीतून (शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला असून आम्ही इतर मागास प्रवर्गात येतो. पहिल्या वर्षी महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर भरलेला शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा अर्ज विनासायास मंजूर झाला होता. यंदाचा नूतनीकरणाचा अर्ज मात्र 'रिजेक्टेड' दिसत आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात 'इन्कम सर्टिफिकेट नॉट व्हॅलिड' एवढेच लिहिले आहे. दाखला तहसील कार्यालयाचाच आहे, त्यावर बारकोड आहे, सही आहे. मग त्यात अवैध काय, हे कळायला मार्ग नाही. महाविद्यालयातील कर्मचारी म्हणतात की अर्ज आता आमच्या हातात राहिलेला नाही, आणि त्याच वेळी सत्र परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी संपूर्ण शुल्क जमा करा, असा निरोपही आला आहे.

याच वर्षासाठी पुन्हा अर्ज करता येतो का? करता येत नसेल, तर पुढच्या वर्षीच्या अर्जावर याचा परिणाम होतो का? तिला पहिल्या वर्षी एका विषयात एटीकेटी होती, म्हणजे तो विषय राहिला असूनही तिला पुढच्या वर्षात प्रवेश मिळाला. खरे कारण ते तर नसेल ना, अशीही शंका घरात सर्वांना वाटते आहे. ज्यांचा अर्ज एकदा फेटाळला गेला, किंवा मिळत असलेली मदत मध्येच थांबून नंतर पुन्हा सुरू झाली, त्यांनी कृपया आपले अनुभव लिहावेत.

हिरवळ
अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर फेटाळला गेला की जिल्हा कार्यालयाच्या, हे आधी सांगा. लॉगिन केल्यावर 'माय अप्लाइड स्कीम'मध्ये ते दिसते.

पैलतीर
महाविद्यालयाने तो पुढे पाठवला होता. जिल्हा कार्यालयाच्या पातळीवर फेटाळल्याचे दिसते.

निवृत्त_लेखनिक
मी एका वरिष्ठ महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बरीच वर्षे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

महाडीबीटीवर अर्ज परत येण्याचे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक पालक त्यांची गल्लत करतात. 'सेंड बॅक' झालेला अर्ज विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये परत येतो, त्यातली त्रुटी दुरुस्त करून तोच अर्ज पुन्हा पाठवायचा असतो आणि त्याचा क्रमांकही तोच राहतो. 'रिजेक्ट' झालेला अर्ज मात्र तिथेच संपतो. त्यात बदल करता येत नाही. त्या वर्षाची मुदत अजून चालू असेल, तर त्याच योजनेसाठी नव्याने अर्ज भरता येतो. मुदत संपली असेल, तर संबंधित विभाग परिपत्रक काढून 'रीअप्लाय'ची सोय काही काळापुरती उघडतो, त्याची वाट पाहावी लागते. ही परिपत्रके महाविद्यालयांच्या ईमेलवर येतात आणि पुष्कळदा तिथेच राहतात. त्यामुळे पैलतीर, तुम्ही महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन 'आमचा अर्ज कुठे आहे' असे विचारण्याऐवजी 'यंदाच्या रीअप्लायबद्दल परिपत्रक आले आहे का, आले असल्यास त्याची प्रत द्या' असे विचारा. प्रश्न नेमका असला की उत्तरही बरेच नेमके मिळते.

एटीकेटीची चिंता सोडून द्या. विद्यार्थिनी पुढच्या वर्गात गेली आहे, एवढे पुरेसे असते. निकालाच्या रकान्यात एटीकेटी हा पर्यायच दिलेला असतो. ज्या वर्षाचे शुल्क शासनाने एकदा दिले, तेच वर्ष नापास होऊन पुन्हा करायचे असेल, तर मात्र त्या वर्षाचे पैसे दुसऱ्यांदा मिळत नाहीत. तुमची गोष्ट तशी नाही.

आता दाखल्याविषयी. 'नॉट व्हॅलिड' या दोन शब्दांमागे माझ्या अनुभवाप्रमाणे चार-पाच ठरावीक कारणे असतात. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असणे, हे सर्वांत जास्त वेळा आढळणारे कारण. उत्पन्नाच्या दाखल्याच्या जागी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र चढवलेले असणे, हे त्याच्या खालोखाल. वडील हयात असताना दाखला भावाच्या किंवा काकांच्या नावावर असणे, अर्जात भरलेली रक्कम आणि दाखल्यावरची रक्कम वेगळी असणे, आणि शेवटी साधे कारण म्हणजे स्कॅन वाचता न येणे. कागदपत्र २५६ केबीच्या आत बसवण्यासाठी लोक मोबाइलवर काढलेला फोटो इतका दाबतात की खालचा बारकोड पार पुसट होतो. तुम्ही घरातला मूळ कागद पाहू नका. पोर्टलवर चढवलेली प्रत उघडून पाहा. तपासणाऱ्याने तीच पाहिलेली असते.

रोखठोक
लेखनिक साहेबांचा अनुभव मोठा आहे, त्यामुळे आदराने असहमती नोंदवतो. सगळा दोष दाखल्यावर आणि पालकांवर टाकणे सोपे असते. माझ्या चुलत भावाचा अर्ज महाविद्यालयाच्या टेबलावर कित्येक आठवडे पडून होता आणि मुदत संपत आल्यावर एका दुपारी अनेकांचे अर्ज एकाच शेऱ्याने फेटाळण्यात आले. सर्वांची त्रुटी एकसारखीच होती, असे मानायचे का? जो अर्ज 'सेंड बॅक' करता येतो, तो 'रिजेक्ट' का केला, याचा जाब विद्यार्थ्याने कोणाकडे मागायचा?

निवृत्त_लेखनिक
आपला मुद्दा मी नाकारत नाही. टेबल रिकामे दाखवण्यासाठी अर्ज फेटाळणारे लोक आहेत आणि मी त्यांच्या शेजारी बसलेलो आहे. पण दुसरी बाजूही ऐका. 'सेंड बॅक' केलेले अर्ज विद्यार्थी महिनोन्महिने उघडतच नाहीत, कारण नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक सायबर कॅफेवाल्याचा असतो किंवा बंद पडलेला असतो. सूचनाफलकावर नावे लावली, वर्गात जाऊन वाचली, तरी निम्मी मुले येत नसत. मुदतीनंतर असे अर्ज आपोआपच बाद होतात आणि मग पालक म्हणतात की महाविद्यालयाने फेटाळले.

जाब मागण्याबद्दल सांगायचे, तर लेखी अर्ज द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी विचारणाऱ्याला तोंडी उत्तर मिळते.

सावळा_गोंधळ
आमच्या घरी शिष्यवृत्तीच्या रकमेपेक्षा दाखल्यांच्या झेरॉक्सचा खर्च जास्त झाला आहे, हे माझे नम्र निवेदन समजावे.

तांबडीमाती
नॉन-क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या गोंधळाबद्दल थोडी भर घालते, कारण शेतकरी कुटुंबांना तो फार नडतो. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, शिवाय तिथे मागच्या तीन वर्षांचा विचार होतो. उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न धरतात. त्यामुळे एकाच कुटुंबाच्या दोन कागदांवर दोन वेगवेगळे आकडे दिसू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. अर्ज भरणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसते, म्हणून तो सोयीचा आकडा रकान्यात भरतो आणि दाखला दुसराच जोडतो.

नवीन दाखला काढायचा असेल, तर सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करा आणि पावती जपून ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याखाली उत्पन्नाचा दाखला ही अधिसूचित सेवा असून ती ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. मुदतीत दाखला मिळाला नाही, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग, असा मार्ग आहे. कारण नसताना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या तालुक्यात दाखला अडला असताना मी अपिलाचा नुसता मसुदा घेऊन गेले होते आणि तो टेबलावर ठेवल्यावर दाखल्याचे काम पुढे सरकले.

भीमाकाठ
अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक वेगळीच अडचण आहे. ती इथे कोणी मांडली नाही, म्हणून लिहितो. ही योजना १९४४ पासून चालत आलेली असून तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर एकूण रकमेतला ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा, अशी विभागणी झाली. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो आणि त्यातले शुल्क विद्यार्थ्याने सात दिवसांच्या आत महाविद्यालयात भरावे, अशी अपेक्षा असते.

हे वाचायला सोपे आहे. माझ्या मावसभावाच्या खात्यात ती रक्कम आली, तेव्हा मावशी रुग्णालयात दाखल होती. पैसे कोणते, कशाचे, कोणाला द्यायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. खात्यात जमा झाल्याचा एक संदेश आला, एवढेच. ते पैसे औषधोपचारात गेले. पुढच्या वर्षी त्याचा नूतनीकरणाचा अर्ज महाविद्यालयाने पुढे पाठवला नाही. आधी थकलेले शुल्क भरा, मग अर्ज पाठवू, असे सांगण्यात आले. पोर्टलवर तो अर्ज ना मंजूर, ना नामंजूर, फक्त छाननीत दिसत राहिला. शेवटी प्राचार्यांना भेटून हप्ते बांधून घेतले, हमीपत्र दिले आणि पहिला हप्ता भरल्यावर अर्ज पुढे गेला. हमीपत्राची एक प्रत सहीशिक्क्यासह आम्ही स्वतःजवळ ठेवली होती. लेखनिक बदलल्यावर त्याच प्रतीने काम केले.

ज्यांची शिष्यवृत्ती 'थांबली' असे वाटते, त्यांनी अर्ज फेटाळला गेला आहे की महाविद्यालयात अडवून ठेवलेला आहे, हे आधी पाहावे. नव्या अर्जाने दुसरी अडचण सुटत नाही.

रोखठोक
याला अडवणूक म्हणतात. विद्यार्थ्याचा अर्ज पुढे पाठवणे हे महाविद्यालयाचे काम आहे आणि थकबाकीची वसुली हा स्वतंत्र विषय आहे.

भीमाकाठ
तत्त्वतः मान्य. पण मुदत संपायला थोडे दिवस उरलेले असताना आम्हाला तत्त्व हवे होते की अर्ज, याचा निर्णय घ्यावा लागला.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत राहते. इथली पद्धत वेगळी आहे, तरीही एक गोष्ट उपयोगी पडेल असे वाटल्याने लिहिते आहे. अमेरिकेत केंद्र सरकारची विद्यार्थी मदत मिळण्यासाठी दरवर्षी फाफ्सा हा अर्ज भरावा लागतो. ही मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्ड असलेल्यांसारख्या पात्र रहिवाशांनाच मिळते, भारतातून विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना नाही. मदत चालू राहण्यासाठी विद्यार्थ्याची शैक्षणिक प्रगती समाधानकारक असावी लागते. प्रत्येक महाविद्यालयाचे नियम थोडेफार निराळे असतात, परंतु सर्वसाधारणपणे गुणांची सरासरी चारपैकी २.० च्या खाली जाऊ नये, घेतलेल्या श्रेयांकांपैकी ६७ टक्के तरी पूर्ण व्हावेत आणि पदवीला जेवढे श्रेयांक लागतात त्यांच्या दीडपटीच्या आत ती पूर्ण व्हावी, असे तीन निकष असतात. मध्येच सोडलेला विषय गुणांच्या सरासरीत धरला जात नाही, पण घेतलेल्या श्रेयांकांत मात्र मोजला जातो, आणि तिथेच मुले फसतात.

आमच्या मुलीची मदत अशीच थांबली. माझ्या शस्त्रक्रियेच्या काळात तिने दोन विषय सोडले आणि एकात ती नापास झाली. प्रथम एका सत्रापुरती ताकीद मिळाली आणि नंतर मदत स्थगित झाल्याचे पत्र आले. आमच्या ओळखीतल्या एकांनी फाफ्सा पुन्हा भरण्याचा सल्ला दिला, तो निरुपयोगी होता, कारण फाफ्सात काही चूक नव्हतीच. अशा वेळी महाविद्यालयाच्या मदत कार्यालयाकडे अपील करावे लागते. आजारपण, जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू किंवा अशीच विशेष परिस्थिती हा त्याचा आधार असतो आणि पत्रात दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात: प्रगती का खुंटली, आणि आता कोणती परिस्थिती बदलली आहे, ज्यामुळे पुढच्या तपासणीपर्यंत ती सुधारेल. मुलीने पहिल्या मसुद्यात पहिल्याच प्रश्नावर पानभर लिहिले होते. सल्लागार बाईंनी ते चार ओळींवर आणायला लावले आणि दुसऱ्या प्रश्नासाठी रुग्णालयाची कागदपत्रे, सत्रनिहाय अभ्यास आराखडा आणि कोणते विषय कधी पुन्हा घेणार, हे जोडायला सांगितले. अपील मान्य झाले आणि एका सत्राच्या परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, मदत पुन्हा सुरू झाली.

खडूफळा
एडिसनकर, दुसऱ्या प्रश्नाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आमच्याकडचे विद्यार्थी पुनर्विचाराच्या अर्जात घरची परिस्थिती दोन पाने लिहितात आणि कोणती त्रुटी दूर केली, हे एका वाक्यातही लिहीत नाहीत.

रोखठोक
इथे मुळात असे पत्र लिहायला जागा कुठे आहे? पोर्टलवर शेरा येतो, त्याला उत्तर देण्याचा रकाना नसतो. तुलना करताना हे लक्षात घ्यावे.

खडूफळा
पोर्टलवर नसेल, पण जिल्हा कार्यालयाला अर्ज लिहिण्यापासून कोणी अडवलेले नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि माझे जुने विद्यार्थी अशी पत्रे माझ्याकडून तपासून नेतात. इतर मागास प्रवर्गाच्या योजनांसाठी जिल्हा पातळीवर इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या सहायक संचालकांचे कार्यालय आहे. अनुसूचित जातींसाठी समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांचे. चुकीच्या कार्यालयाच्या दारात उभे राहून परत आलेले पालक मी पाहिले आहेत.

एका वेगळ्या प्रकारच्या थांबलेल्या मदतीबद्दलही लिहितो. बारावीच्या गुणांवर मिळणारी केंद्राची एक शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून दिली जाते आणि त्यात पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वार्षिक १२,००० रुपये मिळतात. दरवर्षी नूतनीकरण होताना किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के उपस्थिती लागते. माझ्या एका विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ४७ टक्के पडले आणि तो सलग दोन महिने 'पुन्हा अर्ज कसा करू' असे विचारत होता. त्या पोर्टलवर सदोष ठरवलेला अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, हे खरे आहे. पण त्याचा अर्ज सदोष नव्हता, तोच अटीत बसत नव्हता. कागद दुरुस्त करता येतो, गुणपत्रिका नाही. त्याला मी राज्याच्या योजनांकडे वळवले, कारण एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत आणि पहिली थांबल्यामुळे दुसरीची वाट मोकळी झाली होती. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांची उत्पन्न मर्यादा, कुटुंबातील दोनच अपत्ये आणि उपस्थिती अशा अटी आहेत, पण ५० टक्के गुणांची ती अट आड आली नाही.

अर्धविराम
अभ्यासक्रम बदलून पुन्हा अर्ज करण्याचा विचार कोणी करत असेल, तर एक सावधगिरी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एका पातळीचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्याच पातळीचे दुसरे शिक्षण घेतल्यास लाभ मिळत नाही, म्हणजे बी.ए. झाल्यावर बी.कॉम.साठी शिष्यवृत्ती मागता येत नाही. माझ्या मैत्रिणीला हे तिसऱ्या कार्यालयात गेल्यावर कळले.

सावळा_गोंधळ
आमच्या गल्लीतला सायबर कॅफेवाला म्हणतो, 'पाचशे रुपये द्या, रिजेक्टचे अप्रूव्ह करून देतो.' अशा कर्तबगार माणसाला विभागात सचिव का करत नाहीत, हा माझा या धाग्यापुरता प्रश्न आहे.

तांबडीमाती
सावळा_गोंधळ यांची थट्टा बाजूला ठेवून गंभीरपणे सांगते की आपला पासवर्ड आणि ओटीपी अशा ठिकाणी मुळीच देऊ नये. अर्ज भरून घ्यायला हरकत नाही, गावाकडे पर्यायही नसतो. परंतु मोबाइल क्रमांक विद्यार्थ्याचा असावा, पासवर्ड त्याच्या वहीत असावा आणि अर्ज सादर झाल्यावर त्याची पीडीएफ प्रत त्याच्या हातात असावी. पोर्टलवर 'राइट टू गिव्ह अप' नावाचा, म्हणजे लाभ स्वेच्छेने सोडण्याचा पर्याय असतो. आमच्या शेजारच्या मुलाच्या लॉगिनमधून कॅफेतल्या मुलाने तो दाबला होता आणि हक्क सोडलेला अर्ज परत मिळवणे हे फेटाळलेल्या अर्जापेक्षाही किचकट काम ठरले.

हिरवळ
पैलतीर, शुल्काच्या मागणीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केले आहे. हा लाभ आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठात प्रवेश घेतलेल्यांना तो नाही. तुमच्या बहिणीचा प्रवेश कॅपमधून असल्याने ती बाहेर पडत नाही. पात्र विद्यार्थिनींकडून हे शुल्क मागू नये, अशा सूचना महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. महाविद्यालय यावर म्हणेल की अर्ज फेटाळला गेला म्हणजे ती पात्र नाही. माझ्या मते अर्ज त्रुटीमुळे फेटाळला जाणे आणि विद्यार्थिनी अपात्र असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तसे लेखी पत्र प्राचार्यांना द्यावे. प्रश्न तिथे सुटला नाही, तर तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयाकडे तक्रार करता येते.

निवृत्त_लेखनिक
हिरवळ यांनी लिहिलेले बरोबर आहे; फक्त पत्राची भाषा भांडणाची ठेवू नये. 'शिष्यवृत्तीचा निर्णय होईपर्यंत परीक्षेचा अर्ज स्वीकारावा, अंतिमतः लाभ न मिळाल्यास शुल्क भरण्यास आम्ही बांधील आहोत' असे हमीपत्र दिल्यास बहुतेक प्राचार्य परीक्षा अडवत नाहीत. विकास शुल्क आणि इतर शुल्क या माफीत येत नाही, ते मात्र भरावेच लागेल. तेवढे आधी भरून टाकले की तुमची बाजूही मजबूत होते.

रोखठोक
आणि फेटाळण्याचे खरे कारण कोणी सांगतच नसेल, तर दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. 'माझा अर्ज का फेटाळला' असे विचारू नका. त्याला 'पोर्टल पाहावे' असे उत्तर येते. अर्ज क्रमांक देऊन छाननीची टिपणी, छाननीची तारीख आणि ज्या नियमाच्या आधारे दाखला अवैध ठरवला त्याची प्रत मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, त्यामुळे त्यावर विसंबून बसू नये. रीअप्लायची तयारी समांतर चालू ठेवावी. या एका बाबतीत मी लेखनिक साहेबांशी पूर्ण सहमत आहे की जे काही करायचे ते कागदावर.

निवृत्त_लेखनिक
ही सहमती मी आवक क्रमांक टाकून जपून ठेवतो.

पैलतीर
सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात काय झाले, ते सांगतो. सुचवल्याप्रमाणे पोर्टलवरची प्रत उघडली आणि कोडे सुटले. ज्या केंद्रातून अर्ज भरला, त्यांच्या संगणकावर बहिणीच्या नावाचा जुना फोल्डर होता. त्यांनी त्यातला मागच्या वर्षीचा दाखला चढवला होता आणि आम्ही नवा काढून दिलेला दाखला त्यांच्या टेबलावरच राहिला. दोन्ही दाखल्यांवर नाव, गाव, बोधचिन्ह सारे सारखे. फरक फक्त शेवटच्या ओळीतल्या 'या तारखेपर्यंत वैध' या मजकुरात होता.

महाविद्यालयात परिपत्रकाची प्रत मागितली, तेव्हा कळले की रीअप्लायची सोय अद्याप उघडलेली नाही, मात्र जिल्हा कार्यालयाने त्रुटी असलेल्या विद्यार्थ्यांची यादी मागवली आहे. त्या यादीत बहिणीचे नाव आमच्यासमोर लिहून घेतले. इतर शुल्क भरले, हमीपत्र दिले आणि परीक्षेचा अर्ज स्वीकारला गेला. सहायक संचालकांच्या नावे पत्रही दिले असून एडिसनकर यांच्या सूचनेप्रमाणे त्यात कारण दोन ओळींत आणि दुरुस्ती सविस्तर लिहिली आहे. दाखल्याची नवी प्रत स्कॅन करून बारकोड स्वतः मोठा करून पाहिला.

एक शंका राहिली. सोय उघडल्यावर अर्ज मंजूर झाला, तरी पैसे योग्य खात्यात येतील ना? बहिणीने वसतिगृहाच्या खर्चासाठी मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खाते उघडले आहे.

तांबडीमाती
हे वेळेवर विचारलेत. पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर नव्हे, तर आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. नव्या खात्याच्या वेळी कागदांच्या गठ्ठ्यात आधार जोडण्याच्या संमतीवर तिने सही केली असेल, तर जोडणी नव्या बँकेकडे गेली असण्याची शक्यता आहे. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा. तिथे बँकेचे नाव आणि जोडणी सक्रिय आहे की निष्क्रिय, एवढे दिसते.

भीमाकाठ
बँक कोणतीही असो, जोडणी सक्रिय असली आणि खाते चालू असले की झाले. मुलांची शाळेतली शून्य शिलकेची खाती व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेली असतात, मंजूर रक्कम परत जाते आणि वर्षभराने कोणाच्या तरी लक्षात येते. आमच्या मावसभावाला मी दर तीन महिन्यांनी शंभर रुपये भरून शंभर काढायला लावतो.

पैलतीर
पाहिले. जोडणी नव्या बँकेची आहे आणि सक्रिय दिसते. परिपत्रक आले की इथेच कळवतो.

हिरवळ
पोर्टल उघडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच अर्ज सादर करा आणि लगेच महाविद्यालयात जाऊन तो त्यांच्या लॉगिनमध्ये पोहोचला आहे, याची खात्री करून घ्या. मागच्या वेळी ज्यांनी शेवटच्या दिवशी भरले, त्यांचे अर्ज महाविद्यालयाच्या मुदतीत पुढे गेलेच नाहीत.